खो न मिळता उठलेली मुलगी

2021 सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. करोनाची दुसरी लाट ओसरत होती. टोकियोची ऑलिंपिक स्पर्धा एक वर्ष उशिराने भरली होती आणि नायगावच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत दिवसभर टी.व्ही. चालू असे. माझी नात तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती धावते, त्यामुळे धावण्याची एकही शर्यत आमच्या घरात चुकत नसे.

एका संध्याकाळी ती मोबाईल घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, "आजी, ही बघ. हिला हिच्या देशाने स्पर्धेतून परत बोलावलं, आणि ही गेलीच नाही. विमानतळावर पोलिसांजवळ जाऊन उभी राहिली."

मी चष्मा लावून पाहिले. एक सडपातळ मुलगी, आजूबाजूला पोलीस, चेहऱ्यावर भीती. माझा मुलगा पलीकडे बसला होता. तो म्हणाला, "देशाने खर्च केला, ऑलिंपिकला नेलं, आणि ही उलटली. याला गद्दारी म्हणतात."

नातीने माझ्याकडे पाहिले. "आजी, तू सांग. ती गद्दार आहे का?"

मी उत्तर दिले नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून गेले. कुकर हे निमित्त होते. खरे कारण असे की, तो शब्द मी एकदा एका मुलीसाठी वापरला होता. नुसता वापरला नव्हता, त्याखाली सही केली होती. ती गोष्ट पुढे सांगणार आहे. आधी त्या धावणाऱ्या मुलीविषयी.

तिचे नाव क्रिस्तिना त्सिमानुस्काया. देश बेलारूस. पूर्वी सोव्हिएत संघात असलेला हा देश 1991 साली स्वतंत्र झाला आणि 1994 पासून तिथे अलेक्झांडर लुकाशेन्को हेच राष्ट्राध्यक्ष आहेत. 2020 सालच्या निवडणुकीनंतर लोक प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरले, तेव्हा हजारोंना पकडून तुरुंगात टाकण्यात आले. देशाच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपदही बरीच वर्षे लुकाशेन्को यांच्याचकडे होते. 2021 मध्ये ते त्यांच्या मुलाकडे गेले. आता सांगा, अशा देशातल्या खेळाडूवर अन्याय झाला तर तिने तक्रार करायची कोणाकडे? ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच न्यायाधीश आणि तोच तुरुंगाधिकारी!

क्रिस्तिनाचा गुन्हा एवढाच की, ती कमी अंतर धावणारी असताना तिला न विचारता तिचे नाव 4 बाय 400 मीटरच्या रिलेत घातले गेले. दुसऱ्या मुलींच्या उत्तेजक द्रव्यांच्या चाचण्या नियमाप्रमाणे पुरेशा झाल्या नव्हत्या, म्हणून रिकामी जागा भरायची होती. तिने याबद्दल उघडपणे नाराजी व्यक्त केली. सरकारविरुद्ध एक शब्द नाही, फक्त आपल्या प्रशिक्षकांच्या कारभाराविरुद्ध. तेवढ्यावरून 1 ऑगस्टला तिला सामान बांधायला सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी तिची 200 मीटरची शर्यत होती, ती राहिली.

विमानतळाच्या वाटेवर तिला आजीचा फोन आला. दहा सेकंदांचे बोलणे. परत येऊ नकोस, इथे सुरक्षित नाही, एवढेच आजीने सांगितले. विमानतळावर तिने मोबाईलवर आपल्या वाक्यांचे भाषांतर करून जपानी पोलिसांना दाखवले आणि मदत मागितली. पोलंडने तिला व्हिसा दिला. ती व्हिएन्नामार्गे वॉर्साला पोहोचली. तिच्या नवऱ्यालाही देश सोडावा लागला. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने बेलारूसच्या दोन प्रशिक्षकांची ओळखपत्रे काढून घेतली.

मला सगळ्यात जास्त लागले ते त्या आजीचे बोलणे. जगातली प्रत्येक आजी नातीला म्हणते, लवकर घरी ये. घरी येऊ नकोस, असे सांगताना त्या म्हातारीच्या जिवाचे काय झाले असेल? ज्या देशात आजीला नातीला असे सांगावे लागते, त्या देशात गद्दार कोण, नात की राज्यकर्ते?

ही गोष्ट नवी नाही. 1948 सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या महिला जिम्नॅस्टिक संघाच्या प्रमुख मारी प्रोवाझ्निकोव्हा यांनी मायदेशी परतायला नकार दिला. त्या वर्षी त्यांच्या देशात एकपक्षीय कम्युनिस्ट राजवट आली होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, संघाला सुवर्णपदक मिळालेले, आणि घराची वाट बंद!

पुढचे उदाहरण 1956 सालच्या मेलबर्न ऑलिंपिकचे. त्याआधी काहीच आठवडे हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता. वॉटर पोलोमध्ये हंगेरी आणि सोव्हिएत संघ समोरासमोर आले. पाण्यात मारामारी झाली, एर्विन झादोर या हंगेरियन खेळाडूच्या डोळ्याजवळ जखम होऊन रक्त वाहिले आणि हंगेरी चार गोलांनी पुढे असताना सामना थांबवावा लागला. स्पर्धा संपल्यावर हंगेरीच्या पथकातले निम्म्याच्या आसपास लोक मायदेशी परतलेच नाहीत. त्या सामन्याची तारीख वाचून मी थबकले. 6 डिसेंबर 1956. त्या दिवशी इकडे आपले काय हरपले, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. आपल्या माणसांना त्या दिवशी दुसरी कुठलीही बातमी दिसली नाही, ऐकू आली नाही.

मार्टिना नवरातिलोवा तर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. 1975 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेत स्पर्धेला गेलेल्या या मुलीने तिथेच आश्रय मागितला. त्यानंतर तिच्या देशात तिचे नाव छापणेच बंद झाले. 1978 मध्ये तिने विम्बल्डन जिंकली, पण तिच्या गावच्या वाचकाला ते वर्तमानपत्रातून कळायची सोय नव्हती. माणूस जिवंत आणि नाव मेलेले! 1986 साली ती अमेरिकेच्या संघातून प्रागला खेळायला आली, तेव्हा मात्र प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सरकारने पुसलेले नाव लोकांनी अकरा वर्षे लक्षात ठेवले होते.

माझा मुलगा म्हणतो तो मुद्दाही टाकून देण्यासारखा नाही. सरकार खर्च करते, मैदान देते, प्रशिक्षक देते. मग खेळाडूवर देशाचे ऋण नाही का? आहे. पण ऋण म्हणजे गहाणखत नव्हे. पूर्व जर्मनीचे सरकार खेळाडूंवर पाण्यासारखा पैसा ओतत होते. त्याच सरकारने कोवळ्या मुलींना जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत असे सांगून संप्रेरकांची औषधे चारली. पदके देशाला मिळाली आणि दुखणी त्या मुलींच्या अंगावर जन्मभर राहिली. आपल्या आजोबा-पणजोबांना वेठबिगारी माहीत होती. भाकरी देतो म्हणून माणूस मालकीचा होत नाही, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पळून आलेल्या खेळाडूंचा ज्या देशांनी जयजयकार केला, त्यांचेही राजकारण होतेच. शीतयुद्धाच्या काळात असा एक खेळाडू हाती लागला की अमेरिका आणि तिचे मित्रदेश दवंडी पिटत. पदक जिंकणारा असेल तर दार उघडे, आणि त्याच देशातून साधा मजूर आला तर त्याला रांगेत उभे करत. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा निर्वासितांचा वेगळा संघ उतरला, फक्त दहा खेळाडूंचा. 2024 साली पॅरिसला सिंडी न्गाम्बा या मुष्टियोद्धा मुलीने त्या संघाला पहिले पदक मिळवून दिले, कांस्य. ज्यांना देश नाही त्यांना निदान संघ मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. पण तो मिळायला किती वर्षे लागली!

आणि हुकूमशाही फक्त लाल झेंड्याखालीच असते असेही नाही. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांना मतदान होते, न्यायालये होती, क्रिकेट तर होतेच. पण बेसिल डॉलिव्हेरा हा केपटाऊनचा गुणी फलंदाज गोरा नव्हता, म्हणून त्याला स्वतःच्या देशाच्या संघाचे दार बंद होते. तो 1960 साली इंग्लंडला गेला आणि 1966 साली इंग्लंडकडून कसोटी खेळला. 1968 साली त्याची दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी निवड झाली, तेव्हा तिथल्या पंतप्रधानाने हा संघ आम्हाला चालणार नाही असे बजावले. दौरा रद्द झाला आणि पुढे दक्षिण आफ्रिका कसोटी क्रिकेटमधून दोन दशके बाहेर राहिली. एका माणसाने देश सोडला आणि त्या देशाचे जगापुढचे सोंग उघडे पडले. भारतानेही 1974 साली डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार देऊन कप सोडला. वर्णभेदाविरुद्ध उचललेले ते पाऊल योग्यच होते. परंतु आमच्या आबांच्या तोंडून मी लहानपणी जे ऐकले होते, त्यामुळे मला या अभिमानाबरोबर थोडा ठसकाही लागतो.

आबा म्हणजे माझे आजोबा. रत्नागिरीकडून मुंबईला आले आणि परळच्या एका गिरणीत लागले. रात्री चाळीच्या गॅलरीत बसून ते आम्हाला पालवणकर बंधूंच्या गोष्टी सांगत. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. चर्मकार समाजात जन्मलेले चौघे भाऊ, चौघेही अव्वल क्रिकेट खेळणारे. बाळू पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवण्याच्या आणि जाळी बांधण्याच्या कामाला होते, महिना चार रुपयांवर. तिथे सरावाला गोलंदाजी करता करता ते असे तयार झाले की, पुण्याच्या हिंदू संघालाही त्यांना घ्यावे लागले. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत, आणि बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात.

पुढे ते मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1911 साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघात त्यांनी सगळे सामने मिळून 114 बळी घेतले. तरीही कर्णधारपद नाही. वर्षामागून वर्षे गेली, त्यांच्यामागून आलेले कर्णधार झाले. शेवटी 1920 साली बाळूंना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी खेळायला नकार दिला आणि जाहीर निवेदन काढून सांगितले की, हे जातीमुळे होत आहे. गिरगावापासून चालत जाता येईल अशा अंतरावरच्या मैदानावर, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, दोन खेळाडू आपल्या संघातून बाहेर पडले! गडबड उडाली. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करून भावांना परत बोलवावे लागले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले. त्यांच्या संघाने गोऱ्यांना हरवले तो सामना आबांनी मैदानाच्या कडेच्या झाडावर बसून पाहिला होता. ते सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज चढत असे.

क्रिस्तिनाची बातमी वाचली तेव्हा मला हे सगळे आठवले आणि एक फरकही जाणवला. क्रिस्तिनाला विमानतळ होता, पोलीस होते, पोलंडची वकिलात होती. पालवणकरांना काय होते? त्या काळी मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत संघ होते युरोपियनांचा, पारशांचा, हिंदूंचा आणि 1912 पासून मुसलमानांचा. हिंदूंचा संघ सोडला तर जायचे कुठे? त्यांच्यासाठी संघ सोडणे म्हणजे खेळच सोडणे होते. तरीही दोघे बाहेर पडले. म्हणून मी म्हणते, ज्याच्यासमोर दुसरे दार उघडे नाही, त्याचे उठणे अधिक कठीण.

आता माझी गोष्ट. इतकी वर्षे मी ती कोणाला सांगितली नाही, घरातही नाही.

1972 साल. मी सतरा वर्षांची होते आणि खो-खो खेळत होते. आमच्या मुलींच्या संघात बारा जणी होतो, त्यात आपल्या समाजाच्या दोघी. मी आणि माझी मैत्रीण. ती माझ्याहून कितीतरी चांगली खेळायची. पाठलागाला उठली की खांबाजवळ असा सूर मारायची की धावणारी बाद झालीच म्हणून समजा. एका तालुक्याच्या गावी स्पर्धा होती. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री तिथल्या एका प्रतिष्ठित माणसाच्या वाड्यावर सगळ्या संघाला जेवण होते. ओसरीवर पंगत मांडली होती. घरातली म्हातारी बाई दारात उभी राहून प्रत्येकीला आडनाव विचारत होती. आमची आडनावे ऐकल्यावर ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने दोन पत्रावळी अंगणात, तुळशीच्या पलीकडे मांडल्या गेल्या.

आमच्याबरोबरच्या बाईंनी खाली पाहिले. हळूच म्हणाल्या, "जाऊ दे गं पोरींनो, एका जेवणाचा तर प्रश्न. उद्या फायनल आहे."

खो-खोत आपण चौकोनात पाय रोवून बसलेलो असतो. पाठीवर थाप पडून "खो" ऐकू आल्याशिवाय उठायचे नाही, हा नियम अंगात इतका मुरतो की जिवात मुरतो. माझी मैत्रीण मात्र कोणी खो न देता उठली. "मला भूक नाही," एवढेच म्हणाली. मुक्कामाच्या शाळेतून पिशवी घेतली आणि शेवटच्या एस.टी.ने निघून गेली.

मी जेवले. पुरणपोळी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिंकलो. मुंबईला परतल्यावर बैठक झाली. एका कागदावर लिहिले होते की, अमुक खेळाडूने परवानगीशिवाय संघ सोडला आणि ऐन वेळी संघाशी गद्दारी केली, सबब तिला काढून टाकावे. पत्रावळीचा त्यात उल्लेख नव्हता. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पाचवी सही माझी. पुढच्या वर्षी मला उपकर्णधार केले. ती पुन्हा कधी खेळताना दिसली नाही.

त्या रात्री ढाल घेऊन घरी आले तेव्हा आबांनी विचारले होते, "जेवायला काय दिलं?" मी म्हटले, "पुरणपोळी." ते माझ्याकडे बघत राहिले. पुढे काही विचारले नाही. त्यांना काय कळले असेल ते कळले असेल.

एकाधिकारशाहीच्या देशांत खेळाडू पळाला की त्याच्या मागे राहिलेल्या सहकाऱ्यांकडून निषेध वदवून घेतात, असे मी वाचते, तेव्हा मला तो कागद दिसतो. माझ्यामागे तर पोलीस नव्हते, तुरुंग नव्हता. होती ती फक्त संघातली एक जागा. तेवढ्यासाठी मी सही केली.

आणि मी राहणार कुठे, तर नायगावात! याच नायगावात, दादरच्या बाजूला, 1936 सालच्या मे महिन्याच्या 30 आणि 31 तारखेला मुंबई इलाखा महार परिषद भरली होती आणि बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे' हे भाषण केले होते. त्याआधीच्या वर्षी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली होती. तेव्हा केवढा गदारोळ झाला! राहून सुधारणा करा, सोडून जाणे हा पळपुटेपणा आहे, असे सांगणारे कमी नव्हते. त्यांना ते कितीदा तरी उत्तर देत राहिले. ज्या घरात माणूस म्हणून जागा नाही, ते घर सोडणे म्हणजे पळणे नव्हे. आपल्या समाजाची नवी वाटचालच मुळी एका बाहेर पडण्याने सुरू झाली. मग आपण तरी सोडून जाणाऱ्याला चटकन गद्दार कसे म्हणावे? पण म्हणतो. आपल्याही मंडळांत, गटांत, पक्षांत कोणी वेगळा झाला की पहिला शब्द तोच निघतो.

याबाबतीतही आबांची एक गोष्ट आहे. 1937 च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने उभे केले ते याच पालवणकर बाळूंना. बाबासाहेब दोन हजारांच्या आसपास मतांनी विजयी झाले. प्रचाराच्या वेळी चाळीत कोणी बाळूंना फितूर म्हणून शिवी दिली. आबा बाबासाहेबांचे काम करत होते, तरी ते म्हणाले, "त्याला मत देऊ नका. पण त्याने बाहेर मातीच्या भांड्यात चहा पीत गोऱ्यांच्या दांड्या उडवल्या, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्यात. शिवी कशाला देता?" मत वेगळे आणि माणूस वेगळा, एवढा विवेक त्या कमी शिकलेल्या गिरणी कामगाराला होता.

याचा अर्थ सोडून जाणारा प्रत्येक जण थोर असतो असे नाही. कोणी जास्त पैशासाठी जातो, कोणी शिस्त नको म्हणून जातो. पण आधी दोन प्रश्न विचारावेत. तो गेला, त्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी होते का? आणि त्याला जाऊ दिले असते, तर त्याला पळावे लागले असते का? 2021 साली तालिबान आल्यावर अफगाणिस्तानच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना आपले फोटो पुसून टाका, खेळाचे कपडे जाळून टाका, असे त्यांच्याच जुन्या कर्णधार खालिदा पोपल यांना सांगावे लागले. त्यांतल्या अनेक जणी ऑस्ट्रेलियाला गेल्या. 2025 सालच्या जानेवारीत तिथेच, मेलबर्नमध्ये, देशाबाहेर पडलेल्या अफगाण महिला क्रिकेटपटू एकत्र येऊन सामना खेळल्या. यांना गद्दार म्हणायची कोणाची छाती आहे?

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरात आला. नात एका क्लबातून धावते. मांडीचा स्नायू दुखावलेला असताना क्लबाला गुण हवेत म्हणून सरांनी तिला धावायला सांगितले. तिने नाही म्हटले. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. तिने दुसऱ्या क्लबात जायचे ठरवले, तर ना हरकत पत्र मिळेना. आज या, उद्या या. क्रिस्तिनालाही पोलंडकडून धावायची परवानगी 2023 साली मिळाली, आणि 2024 ला पॅरिसमध्ये ती पोलंडच्या पोशाखात धावली. मैदान मोठे असो की छोटे, कागद अडवणे हे हत्यार सगळीकडे सारखेच.

माझा मुलगा तिला म्हणाला, "माफी माग आणि मिटव." माझ्याही तोंडावर तेच आले होते. जाऊ दे गं, एका शर्यतीचा तर प्रश्न. शब्दन् शब्द बाईंचा! मी स्वतःच दचकले. मग म्हटले, "माफी मागायची नाही. मी येते तुझ्याबरोबर." चार खेपा घातल्या. बाकावर बसून राहिले. मी भांडले नाही, आवाज चढवला नाही, फक्त दर वेळी कागद मागितला. चौथ्या खेपेला पत्र मिळाले.

त्यानंतरच्या 6 डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दीत एक बाई पुस्तक चाळत उभी होती. पांढरी साडी, पांढरे केस. मान वळवायची पद्धत मी ओळखली. बावन्न वर्षांनी भेटलो. ती परिचारिका झाली होती, आता निवृत्त आहे. आम्ही कडेला बसलो. मी पत्रावळीविषयी बोलायला लागले, तर तिने हात धरला.

"तू जेवलीस त्याचं मला कधीच काही वाटलं नाही गं," ती म्हणाली. "भूक लागली होती, जेवलीस. मीसुद्धा स्टँडवर भजी खाल्लीच की. मला वाईट वाटलं ते सहीचं. तो कागद मला दाखवला होता त्यांनी. तुझं अक्षर लगेच ओळखलं."

मी म्हटले, "चुकलं माझं." याहून जास्त शब्द सुचले नाहीत. ती गप्प बसली. मग विचारले, "तुझी नात किती मीटर धावते?"

"दोनशे."

"शर्यत असली की कळव. बघायला येईन."

घरी आल्यावर मी नातीला जवळ बसवले आणि तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. ती धावणारी मुलगी गद्दार नव्हती. माझी मैत्रीणही नव्हती. गद्दारी झाली होती ती माझ्या सहीने.

नातीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आजी, हे सांगायला इतकी वर्षं का लावलीस?"

या वेळी कुकर लावलेला नव्हता.